प्रधानाची साक्ष

पनवेल, ९ जून २०२४

मुबीना,

परवा एसटी स्टँडवर तू मला पाहिलंस. म्हसळ्याची गाडी लागली होती, तुझ्या हातात औषधांची पिशवी होती आणि मी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो. तू पाहिलंस आणि गाडीत चढलीस. माझ्या बाजूची खिडकी रिकामी असताना पलीकडे जाऊन बसलीस. बरोबर केलंस.

तुझा फोन लागत नाही. तू माझा नंबर बंद केला आहेस हे कळायला मला वर्ष लागलं. म्हणून पत्र. पत्ता तुझ्या चुलतभावाकडून, अरीबकडून घेतला. शाळेतले तुझे काही कागद पाठवायचे आहेत असं त्याला सांगितलं, त्याच्यावर रागावू नकोस.

अब्दुल्लाभाई गेल्याचं मला उशिरा कळलं. म्हणजे कळलं होतं वेळेवरच, पण मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन मी परत फिरलो. तू तुरुंगातून सुटून दोन महिनेच झाले होते. तुझ्या पहिल्या प्रयोगाच्या आधी ते दुकानातून उठून तालमीला आले होते, आठवतं? म्हणाले, "सर, नाटकबिटक मला कळत नाही. प्रयोग संपला की पोरीला घरापर्यंत सोडायची जिम्मेदारी तुमची." बावीस प्रयोग मी ती पाळली.

तेविसाव्याबद्दल आज नको. आज तालमीबद्दल लिहितो. तिथे तरी आपण दोघं खरं बोलायचो.

नगरपालिकेच्या जुन्या शाळेतली ती खोली. 'मृणावतीचा न्याय' हे नव्वद वर्षांपूर्वीचं नाटक आणि त्यातला माझा प्रधान, तिशीपासून मी तोच करत आलेलो. शहरातल्या प्रेक्षकांना आपल्याला आधी उघाडी म्हणजे काय ते सांगावं लागायचं: खाडीच्या बांधातलं लाकडी दार, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारं. राजा नवं बंदर वाचवायला ऐन पावसात ते बंद ठेवतो, आतली गावं बुडायला लागतात. बांधाच्या राखणदाराची मुलगी मृणावती हुकूम मोडून उघाडी उघडते. तिला पाहिलेलं असतं एकट्या प्रधानानं, तिच्या बापाच्या मित्रानं. तिसऱ्या अंकात तो भर दरबारात तिच्याविरुद्ध साक्ष देतो आणि देताना रडतो. त्या रडण्यासाठी मला दोनदा पदक मिळालं होतं.

आणि तू, शाळेत नुकतीच लागलेली तिशीतली शिक्षिका, सगळ्यांसमोर म्हणालीस, "सर, तुम्ही रडू नका."

"का? प्रधान दगड नाही. मित्राची मुलगी आहे ती."

"म्हणूनच. तुम्ही इतकं छान रडता की लोक तिला विसरतात. मरायला ती निघालीय आणि दया तुमची येते."

"शोकांतिकेत कोणी दुष्ट नसतं, मुबीना. परिस्थिती असते."

"हुकमावर शिक्का परिस्थितीचा होता? राजाचा होता ना? प्रधान रडला की राजा सुटतो, सर. लोक घरी जाताना म्हणतात, बिचाऱ्याचा नाइलाज होता."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी साक्ष दिली. त्या प्रयोगाला टाळ्या पडल्या नाहीत. पण प्रयोगानंतर शाळेतली एक मुलगी आत आली आणि मला विचारू लागली, "तिनं ते दार उघडलं नसतं तर किती माणसं मेली असती?" तीस-पस्तीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे, डोळ्यांत पाणी कसं काय आणता?

तू बरोबर होतीस, एवढं सांगायला दोन वर्षं लागली.

सर

पनवेल, १४ जुलै २०२४

मुबीना,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीत दिसला की मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो.

आज मोरखारबद्दल लिहितो. मला माझी बाजू मांडायची आहे.

गणपतीच्या आधीचा रविवार, २८ ऑगस्ट २०२२. त्या गावाच्या खाडीच्या तोंडावर एका कंपनीनं कंटेनर यार्डासाठी भराव टाकला होता, आणि दोन पावसाळे घराघरांत कमरेएवढं पाणी. कमळाकर, गावाचा पुढारी, स्वतः घरी आला होता. "सर, तुमचं नाटक आमचंच हाय. आमच्या देवळात करा." तिथे उघाडी म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. देवळाच्या मंडपात माणसं खांबांना धरून उभी होती. शेवटच्या प्रवेशात तू रंगमंचावरून खाली उतरलीस, उघाडीची लाकडी खीळ पहिल्या रांगेतल्या गुणाबाईंच्या हातात दिलीस आणि विचारलंस, "माझ्यामागं ही कोण उघडणार?" ते कोणीतरी मोबाइलवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गावानं भराव फोडला. पाणी सुटलं. कंपनीचा राखणदार काशिराम, तोही शेजारच्याच पाड्यावरचा, कडेला उभा राहून हातवारे करत होता. त्याच्या पायाखालची माती गेली. तो मिळाला तिसऱ्या दिवशी.

चौदा गावकरी आणि तू. चौदांवर सदोष मनुष्यवध, तुझ्यावर चिथावणी. आणि साक्षीदार मी.

पोलीस ठाण्यात मला काय सोसावं लागलं याची तुला कल्पना नाही. परेशचे दोन ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात, हे त्यांना माहीत होतं. परवाने, फिटनेस, रोजची अडवणूक, मुलाचा धंदा बसायला किती वेळ लागतो? मला तसं सुचवण्यात आलं. बाप म्हणून माझ्यापुढे काय उरलं होतं? खाली उतरण्याची कल्पना कोणाची होती, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. मी जबाबात लिहून दिलं की ते संहितेत नव्हतं आणि माझ्या दिग्दर्शनातही नव्हतं. संहितेत नव्हतं, हे तर खरंच आहे.

तू एक्केचाळीस दिवस आत राहिलीस. शाळेनं काढलं. कुवेतचं ठरलेलं लग्न मोडलं. मला सगळं कळत होतं.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, हे मात्र मला विचारावंसं वाटतं.

सर

पनवेल, ४ नोव्हेंबर २०२४

मुबीना,

मागच्या पत्रातला शेवटचा प्रश्न खोड. मला लाज वाटते त्याची.

काल तुझ्या वकील आल्या होत्या, हेतलबाई. मी त्यांना चहा विचारला. "नको, तुमच्याकडून फक्त उत्तर हवंय," म्हणाल्या. वयानं तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी माझ्या जबाबाची प्रत समोर ठेवली आणि विचारलं, "तुमच्यावर दबाव होता?"

मी म्हणालो, होता.

"कोणाचा? काय शब्द वापरले? परेशचं नाव कोणी घेतलं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला एकही वाक्य आठवेना. कारण तसं वाक्य नव्हतंच. मुबीना, मला कोणी धमकावलं नाही. परेशच्या ट्रेलरांचं मी तुला लिहिलं ते माझ्या मनानं. इन्स्पेक्टर सभ्य माणूस होता. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. त्याची मुलगी आपल्याच शाळेत होती. त्यानं विचारलं, "सर, नाटकात आहे तरी काय?" मी गोष्ट सांगितली. त्यानं लक्ष देऊन ऐकली. मग विचारलं, "खाली उतरायचं कोणी ठरवलं?"

समोरच्या बाकावर मोरखारची चार माणसं बसली होती. त्यातल्या एकाचा ओठ फाटलेला होता. मी त्या बाकाकडे पाहिलं. तेवढंच. मी म्हणालो, "तिनंच."

इन्स्पेक्टरनं लिहून घेताना विचारलं, "मुबीना अब्दुल्ला... पुढे?"

"मुकादम."

"मुकादम," तो म्हणाला, आणि परत एकदा, सावकाश, "मुकादम." मग मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला. माझं म्हणणं आता सहज खरं ठरणार होतं. मला हलकं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता जे घडलं ते लिहितो, म्हणजे ते एकदा तरी कागदावर राहील. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "उद्या शेवटी रंगमंचावर मरू नकोस. खाली उतर. खीळ कोणाच्या तरी हातात दे आणि विचार, माझ्यामागं ही कोण उघडणार."

तू म्हणालीस, "हे संहितेत नाही, सर."

"संहितेत मोरखारही नाही."

"लोक खरंच चिडलेत. दोन वर्षं पाण्यात झोपतायत. त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं आणि आपण पनवेलला घरी यायचं, हे बरोबर नाही. दिलं तर मग आपणही थांबायला हवं."

"मग नाटक करायचं कशासाठी? रडवायला? तूच मला शिकवलंस ना?"

तू खीळ उचलून पाहिलीस. मग "बरं" म्हणालीस. तू माझं ऐकलंस. आणि प्रयोग संपल्यावर तू खरंच थांबलीस, गुणाबाईंच्या घरी राहिलीस. सकाळी त्या भरावाजवळ जाऊन लोकांना सांगत होतीस की आधी कडेची माणसं हटवा, त्या राखणदाराला हटवा. त्याचंही चित्रण आहे म्हणे, पण त्यात आवाज नाही, फक्त तुझे हात दिसतात. मी आदल्या संध्याकाळीच परेशच्या गाडीतून घरी आलो होतो. त्या दिवशी मी तुला घरी सोडलं नाही.

हेतलबाईंना मी यातलं अर्धंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे कोर्टात बोलाल? तुम्ही सरकारी साक्षीदार आहात. खरं बोललात की सरकारी वकील तुम्हाला फितूर जाहीर करतील. शब्द तोच आहे, कायद्यात दुसरा नाही. आणि मी लपवून ठेवत नाही, तुमच्यावरही चिथावणीचा गुन्हा लागू शकतो."

मी विचार करून सांगतो म्हणालो.

सर

पनवेल, १६ फेब्रुवारी २०२५

मुबीना,

कमळाकर आला होता. पेढे घेऊन. कंपनीशी गावाचा समझोता झाला. भराव तसाच राहणार, गावाला वरच्या अंगाला प्लॉट, प्रत्येक घरातल्या एकाला यार्डात नोकरी. खाडी आता बांधाच्या आत येणारच नाही, त्यामुळे उघाडीचा प्रश्नच मिटला, असं तो म्हणाला.

"आणि केस?" मी विचारलं.

"आमचे चौदाजण सुटतील, सर. गावातला कोनी कोनाला ओलखनार नाय. आमी पायलंच नाय."

"आणि मुबीना?"

त्यानं पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. वाईट माणूस नाही तो. त्याच्या घरात मी जेवलोय, तूही जेवलीस. "ती चांगली बाई हाय, सर. पन माणूस मेला तं कोनाचं तरी नाव लागतंच ना? चौदा घरं हायत आमची. ती एकटी हाय. आन् बाहेरची हाय." मग म्हणाला, "तुमी जबाब दिलाय तसाच ठेवा. तुमी आता बदललात तं परत समद्यांची चौकशी लागंल."

तो गेल्यावर मी रिक्षा करून मोरखारला गेलो. मला काशिरामच्या घरी जायचं होतं. का, ते माहीत नाही. अडीच वर्षांत कधी गेलो नव्हतो. त्याची बायको सखूबाई अंगणात सुकट पसरत होती. मी सांगितलं, नाटकवाला मास्तर.

"नाटक मी पायलं नाय," ती म्हणाली. "त्या दिशी आमच्या घरात पाणी व्हतं."

तिच्याही घरात पाणी होतं, मुबीना. काशिराम कंपनीचा राखणदार, आणि त्याच्या घरात त्याच भरावाचं पाणी. हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. राजाचा शिपाई एवढंच मी त्याला समजत होतो.

मी विचारलं, "मुबीना मुकादमबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"ती आली व्हती. तुरुंगातून सुटली तवा पयली हितं आली. बसून व्हती दिसभर. काय बोलली नाय." मग तिनं सुकटीवरच्या माश्या हाकलल्या. "माजी सून आता त्यांच्या गेटवर कामाला हाय. तुमी परत येऊ नका, सायेब. लोकं बघतात."

मी कमळाकरचं म्हणणं घरी येऊन पुष्कळ घोळवलं. चौदा घरं विरुद्ध एक. मोठं सोयीचं आहे ते. प्रधानाच्या तोंडीही असंच वाक्य आहे, आणि मी ते कितीतरी वर्षं मनापासून म्हणत आलो.

सर

पनवेल, २२ ऑगस्ट २०२५

मुबीना,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता न बघता सांगता येतात: "सर, सगळी पत्रं पोचली. मला माफी नको. साक्षीच्या दिवशी ४ नोव्हेंबरच्या पत्रातलं सगळं बोला, तेवढं पुरे."

मी बोलणार आहे. हेतलबाईंना फोन करून तसं सांगितलं. परेशला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, या वयात?" मी म्हणालो, याच वयात. सकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारताना मी उत्तरं पाठ करतो. लोकांना वाटतं सर नव्या नाटकाची तयारी करतायत.

फार दिवसांनी जेवण नीट गेलं. तारीख कळली की कळव.

तुझा,
सर

पनवेल, २९ नोव्हेंबर २०२५

मुबीना,

तू तिथे होतीस, तुला सांगण्यासारखं काही नाही. तरी लिहितो. आतून ते कसं झालं हे तुला दिसलं नसेल.

सकाळी दहाला मी कोर्टात पोचलो. सगळं पाठ होतं. तू मागच्या बाकावर होतीस, खाला, तुझी मावशी, शेजारी. मला पाहून तू उठून उभी राहिलीस. अजून, एवढं होऊन, मला पाहून उभी राहिलीस.

बाहेरच्या व्हरांड्यात सरकारी वकील जवळ आले. "सर, तुमचा जबाब वाचलात ना परत? आता बदललात तर खोटा जबाब दिल्याबद्दल एक, आणि चिथावणीत आरोपी म्हणून दुसरं. जामिनाचं मी सांगू शकत नाही." ही मात्र खरी धमकी होती. गेल्या वर्षी मी तुला लिहिली होती तशीच.

पिंजऱ्यात शपथ घेतली. त्यांनी विचारलं, खाली उतरण्याच्या सूचना तुम्ही दिल्या होत्या? माझं पाठ केलेलं उत्तर "होय" या शब्दानं सुरू होत होतं. एकच शब्द म्हणायचा होता, पुढचं आपोआप आलं असतं, नटाला हे माहीत असतं. मी म्हणालो, "नाही. तो त्यांचा स्वतःचा विचार होता."

मी तुला 'त्यांचा' म्हणालो. तू खाली बसलीस.

मग हेतलबाई उठल्या. त्यांच्या हातात माझी पत्रं होती. ती तू त्यांना दिली असशील हे मला सुचलं कसं नाही? आणि द्यायलाच हवी होतीस. त्यांनी ४ नोव्हेंबरचं पत्र माझ्यासमोर धरलं.

"हे अक्षर तुमचं आहे?"

मी चष्मा लावून बघितलं. माझंच अक्षर. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. कोर्टातला कारकूनसुद्धा माझा विद्यार्थी, त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"नाही," मी म्हणालो.

"सर, नीट बघा. 'त्या दिवशी मी तुला घरी सोडलं नाही.' हे वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही?"

"नाही."

"मग कोणी लिहिलं असेल?"

"मला माहीत नाही. त्यावर माझी सही नाही."

खरंच नव्हती. कुठल्याच पत्रावर नाही. सगळ्यांखाली 'सर', आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. हे मी ठरवून केलं होतं का, असं हेतलबाईंनी नंतर जिन्यात मला विचारलं. मी नाही म्हणालो. पण आज खात्रीनं सांगू शकत नाही. त्यांनी अक्षर तज्ज्ञाकडे पाठवायचा अर्ज केला, तोही फेटाळला गेला: सही नाही, नाव नाही, आणि साक्षीदार स्वतः नाकारतो आहे.

तू जाताना माझ्या अगदी जवळून गेलीस. मला वाटलं काहीतरी बोलशील. मी त्यासाठी तयार उभा होतो. तू खालाला म्हणालीस, "पायरी आहे, बघून." तेवढंच.

त्या नाटकातल्या प्रधानाला मी जन्मभर भित्रा म्हणून समजावून सांगत आलो. त्यानं तरी जे पाहिलं होतं तेच सांगितलं होतं.

पनवेल, ८ फेब्रुवारी २०२६

मुबीना,

निकाल मी पेपरात वाचला. चौदाजण निर्दोष. भराव कोणी फोडला हे सिद्ध झालं नाही. कोणाच्या सांगण्यावरून फोडला हे मात्र सिद्ध झालं. तुला चार वर्षांची शिक्षा. निकालाच्या बातमीत माझं नाव आहे, 'ज्येष्ठ रंगकर्मी' असं लिहिलंय, आणि माझी साक्ष न्यायालयानं विश्वासार्ह मानली असं. त्याच पानावर यार्डाच्या उद्घाटनाची जाहिरात आहे.

कमळाकर मोटारसायकलवरून भेटला. थांबला नाही, हात तेवढा वर केला.

हेतलबाईंचा फोन आला होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला ऐकवेना. त्या म्हणाल्या, "अपील दाखल करतेय. तुमच्याकडून काही येणार असेल तर सही करून, नाव-पत्त्यासह पाठवा. मुदत थोडी आहे. मी पुन्हा फोन करणार नाही."

त्या दिवशीच मी लिहायला बसलो. एक पान झालं. शनिवारची तालीम, मी काय म्हणालो, तू काय म्हणालीस, तुझं "बरं". पोलीस ठाण्यात कोणी धमकावलं नाही. कोर्टात अक्षर नाकारलं ते माझंच. खाली पूर्ण सही केली, दीनानाथ रामचंद्र पोतनीस, पत्ता, तारीख, आधार कार्डाची प्रत जोडली. आयुष्यात मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पान असेल. त्यात एकही विशेषण नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. स्पीड पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट वजनाला ठेवलं, हेतलबाईंचा पत्ता यंत्रात भरला आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. "काका, पाठवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर राहिलाय." आणि पेन पुढे केलं.

आत, त्या पानावर, माझं नाव होतं. बाहेर लिहायचं तेवढं राहिलं होतं.

मागे सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला. घेऊन येतो." चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. त्या मुलीनं तो बघितला, पण वयाचा मान राखून काही बोलली नाही.

त्याला आज नऊ दिवस झाले. पाकीट टेबलावर आहे. परेशनं विचारलं, हे काय, पोस्टात टाकू का? मी म्हणालो, नको, अजून थोडं लिहायचंय.

आणि हे पत्र. तू आता म्हसळ्याला नाहीस. तुझा पत्ता तुरुंगाचा आहे, आणि तिथे येणारं प्रत्येक पत्र आधी अधिकारी उघडून वाचतात, असं ऐकलं. त्यामुळे हेही मी तुला पाठवणार नाही.